दोन बोटं जागा

आमली, सिल्वासा
रविवार दुपार

प्रिय श्रीकांत,

परवा तुझा फोन आला तेव्हा गॅसवर कढी होती. ती उतू जायला आली, म्हणून "बघते, कळवते" एवढंच बोलून मी ठेवला. मागोमाग जयाचा आला. "वहिनी, मी ह्यांना सांगून टाकलंय, वहिनी नाही म्हणायच्या नाहीत." तुझी बायको फार चांगली आहे, तिला फोनवर काय सांगणार? म्हणून आज कागद घेऊन बसले. माझं अक्षर तुला लागेलच, तुझं अक्षर मीच वळवलंय. तू मागितलंस ते तसं थोडकंच आहे. बायपासनंतरच्या तपासणीला गुरुवारी वापीला जायचंय, आणि मी दादाची काँटेसा गाडी घेऊन गलोंड्याला तुझ्याकडे यावं. तुझी नवी गाडी दारात उभी आहे, पण ती इतकी उंच की वरची मूठ धरून अंग ओढून घेतल्याशिवाय आत शिरता येत नाही, आणि छातीचं हाड जुळेपर्यंत डॉक्टरांनी तुला हाताने ओढाओढ करू नको म्हणून सांगितलंय. "दादाचीच गाडी बरी, वहिनी. बसलं की पाळणा," म्हणालास. मी येणार की नाही ते सांगते. पण आधी थोडं मागचं लिहू दे. म्हातारी बाई आहे, सरळ मुद्द्यावर यायची सवय मला कधीच नव्हती.

तू देवरुखहून आमच्याकडे आलास तेव्हा सिल्वासा म्हणजे दोन रस्ते आणि खूप झाडं होती. सासूबाई गेल्या त्याच वर्षी. माझं लग्न नुकतं झालेलं, मला धड भाकरी येत नव्हती, आणि एकदम दहा वर्षांचा दीर पदरात. तू दिवसभर तुरुतुरु बोलायचास आणि अंधार पडला की गप्प व्हायचास. माझ्या साडीचं टोक मुठीत धरून झोपायचास, आणि मी ते सोडवून घेत नसे, तशीच कुशीवर पडून राहायची. तुला गुजराती पोरं "कोकण्या" म्हणायची, तू मारामाऱ्या करून यायचास, आणि तुझा दादा, जयवंत, तुला रागवायच्या ऐवजी स्कूटरवर पुढे उभा करून दादऱ्याला वनगंगेच्या बागेत घेऊन जायचा. परत यायचात ते दोघांचीही तोंडं शेंगदाण्यांच्या सालांनी भरलेली. मी दारात उभी राहून म्हणायचे, माझी दोन्ही मुलं आली. देवाने मला स्वतःचं दिलं नाही, पण हे वाक्य म्हणायला तू होतास.

गाडी आली ती तू कॉलेजात असताना. दमणच्या एका डॉक्टरांची वापरलेली, फिकट निळी. जयवंत बांधकाम खात्यातला साधा इंजिनिअर, त्याला काँटेसा शोभत नाही असं साऱ्या कॉलनीचं मत होतं. तो म्हणायचा, "शोभत नसेल, पण बसायला काय जातंय?" मला त्याने गाडी शिकवली ती औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या प्लॉटवर, कारखाने उभे राहायच्या आधी. मी गिअर टाकला की कानांवर हात ठेवायचा, ओरडायचा मात्र नाही. दर रविवारी तुम्ही दोघं ती धुवायचात. तू चाकं, तो काचा. म्हणून त्याला मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं आणि तू म्हणालास, "दादा, उगाच उभी राहून गंजेल, मी वापरू का?" तेव्हा त्याने क्षणभरही विचार केला नाही. किल्ली तुझ्या हातात ठेवली आणि मला म्हणाला, "घरातच राहिली ना."

तू तिला बसकी केलीस तेव्हा मला दाखवायला आलास, आठवतं? चहाचा कप हातात धरून मला समजावत होतास. पुढच्या चाकाच्या आत जाडजूड लोखंडी सांधा असतो, त्याच्या दांड्यावर चाक फिरतं, त्याला स्पिंडल म्हणतात. पुण्यात कुणीतरी नव्या घडणीचे स्पिंडल बनवून देतो, त्यात तो दांडा मूळ जागेपेक्षा वर असतो. "हे बघ वहिनी, कपाचा कान वर सरकवला तर कप हातात खाली लोंबेल की नाही? तसंच. चाक वर, गाडी खाली. स्प्रिंगला हात लावला नाही. बाकीची पोरं स्प्रिंगा कापतात, मग बैलगाडी होते. आपला आराम तोच, फक्त उंची कमी." मागचा भाग झुंबर मिस्त्रीने त्याला जुळवून दिला. गाडी खरंच देखणी दिसत होती, मांजर दबा धरून बसतं तशी. तुझ्या दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांत थेंब टाकलेले, तरी तो हात फिरवून बघत म्हणाला, "वा. रुबाब आला." मग त्याने हळूच विचारलं, "पण स्पीडब्रेकरचं काय करायचं रे?" तू हसून म्हणालास, "उतरायचं."

आम्हाला वाटलं, थट्टा आहे.

तो मे महिना तुला आठवत असेल की नाही, मला शंका आहे. जयवंतला चार पावलांवर धाप लागायला लागली होती. इथल्या डॉक्टरांनी वापीला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी टॅक्सी सांगत होते, तर तू फोनवर रागावलास. "दादा टॅक्सीने जाणार? मी मेलोय का?" मला इतकं बरं वाटलं होतं, काय सांगू. तू आलास, ए.सी. चालू करून, त्याच्या पाठीला उशी घेऊन आलास. उशी आणली होतीस, ते मी विसरले नाही. आमली सोडून आपण दादऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्या शाळेपाशी तू गाडी थांबवलीस. "दादा, वहिनी, जरा उतरता का? तिघांच्या वजनाने घासेल." मी म्हणाले, "श्रीकांत, घासू दे की." तू म्हणालास, "वहिनी, तुला नाही कळायचं, खालचं सगळं फाटून जाईल." तोवर तुझा दादा दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसला होता. मला म्हणाला, "उतर गं नलू. पोराची हौस आहे."

मी उतरले त्याचं मला काही नाही. मी धडधाकट होते. पण तो उतरला, बाहेर ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं. तू गाडी पलीकडे नेलीस, तिथे इंजिन चालू ठेवून थांबलास, आम्ही चालत आलो, बसलो. पुढे परत तेच. आणि त्याच्यापुढेही. एकदा तर मागून भाजीचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत ओरडला, "काका, धक्का मारो छो के?" तुझा दादा त्याला हसून हात करत होता. मला म्हणत होता, "हा ब्रेकर मीच घातलाय बरं का. शाळेतल्या पोरांसाठी. तेव्हा म्हणत होते, एवढा उंच कशाला." धापेमुळे एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. हेही मी गिळलं असतं. पण लवाछाच्या अलीकडे जो मोठा आहे, तिथे तू काच खाली केलीस, मान बाहेर काढलीस, आणि शेजारून चालणाऱ्या तुझ्या दादाला म्हणालास, "दादा, जरा बघ ना, घासतेय का?" तो वाकला, श्रीकांत. गुडघ्यावर हात टेकून, रस्त्याला डोकं लावायचं बाकी ठेवून वाकला, आणि म्हणाला, "नाही रे. दोन बोटं जागा आहे. येऊ दे." गाडी गेली. तो सरळ उभा राहिला, पण चालेना. दुकानाच्या खांबाला धरून उभा राहिला. तू आरशात बघत होतास, आम्हाला नव्हे, मागच्या चाकांना.

तो दिवाळीच्या आधी गेला. मी डॉक्टरांना विचारलं होतं, त्या दिवशीच्या चालण्यामुळे काही झालं का? ते म्हणाले, "नाही मॅडम, त्याचा काही संबंध नाही. आजार जुना होता." मी त्यांचं ऐकलं. तुला मी खुनी समजत नाही, तशी भीती बाळगू नकोस. तुझा दादा त्या चालण्याने मेला नाही. पण जिवंत होता तेव्हा तू त्याला चालवलंस, आणि त्याने तुझी लाज वाचवायला विनोद केले. त्या रात्री मी तुझं नाव काढलं तर त्याने माझा हात दाबला. "त्याला काही बोलायचं नाही. शब्द दे." मी दिला. आणि पाळला. तेराव्याला तू रडत होतास, माझ्या पायांशी बसून, आणि मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात आपोआप फिरला, चाळीस वर्षांची सवय.

त्याच दिवशी पंगतीत मी गाडी मागितली. तुझी उंच गाडी आली होती, ही तुला नकोशी झाली होती, तू मोठ्याने म्हणालास, "वहिनी, तुझीच आहे, आजच किल्ली घे." सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. देवरुखचे काका तर म्हणाले, असा दीर मिळायला भाग्य लागतं. दुसऱ्या आठवड्यात झुंबर स्वतः घरी आला. तो मूळचा धुळ्याकडचा, 'आहेत'ला 'शेत' म्हणतो, तुला त्याची बोली माहीत आहे. गोणपाटात गुंडाळलेलं काही ओसरीवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तुमना साहेबनी गाडीना जुना स्पिंडल शेत. श्रीकांतशेठ म्हणे भंगारमा टाक. भंगारमा कशा टाकू? सांगा, परत बसाडी देऊ का? गाडी पहिलेसारखी उंच व्हई जाई." मी त्याला चहा दिला, दुसराही दिला, कारण पहिल्याने त्याचं कधी भागत नाही, आणि म्हणाले, "आत्ता नको." तेव्हापासून तो दर महिन्याला विचारतो. "ताई, काय मुहूर्त बघी राह्यनात?" शेजारची मनीषा म्हणते, या वयात इतकी बसकी गाडी घेऊन बाजारात जाता, लोक हसतात. हसू देत. मी एकटी असले की गाडी जरा तिरकी घेऊन सगळ्या स्पीडब्रेकरांवरून निघून जाते, पोट टेकत नाही. शेजारी कुणी बसलं की टेकतं. म्हणून मी कुणाला बसवत नाही. गोणपाट जिन्याखाली आहे, त्याला मी दर पावसाळ्यात तेलाचा हात देते.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की घोटघोट पाणी प्या, ग्लास संपेपर्यंत राग संपतो. मी शहाण्या मुलीसारखी पाणी पीत राहिले. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्यासाठी देवापुढे दिवा लावला, तोही खरा होता. तू बरा झालास, मला आनंद झाला. पण खरं सांगू, तू नुसता जगावास म्हणून मी दिवा लावला नव्हता. तू जगावास आणि चालावास, म्हणून लावला होता.

तर गुरुवारी मी येते. तुला काही बोलणार नाही असा जयवंतला शब्द दिलाय, म्हणून गाडीत मी एक अक्षर बोलणार नाही. जे होतं ते इथे लिहिलं. जयाला बरोबर आणू नकोस, तिचा काही अपराध नाही. तुझ्या डॉक्टरांना मी काल फोन करून विचारून घेतलं. ते म्हणाले, "चालू देत की, बेताबेताने चाललेलं उत्तमच." तेवढी काळजी मी घेतली, तुझ्या दादाच्या वेळी ती कुणी घेतली नव्हती. चांगले बूट घाल, टोपी आण. उशी मी आणते. गाडी तू केलीस तेवढीच बसकी आहे, मी तिला केसभरही वर येऊ दिली नाही, आणि तू ऑपरेशननंतरही काही हलका झालेला नाहीस. शाळेपाशी मी थांबेन, तू उतरशील. मी पलीकडे जाऊन इंजिन चालू ठेवून थांबेन, तू चालत येशील, बसशील. पुढेही तसंच, आणि त्याच्यापुढेही. शुक्रवारी सकाळी झुंबर येऊन जुने स्पिंडल बसवणार आणि मागचा भागही पहिल्यासारखा करणार आहे, त्याला मी मुहूर्त सांगितलाय. त्यानंतर गाडी तुझ्या दादाच्या उंचीला येईल, आणि मग हवं तेव्हा हक्काने बस, तुला कधी कुणी उतरवणार नाही. पण गुरुवार माझा आहे. लवाछाच्या अलीकडे जो मोठा आहे, तिथे मी काच खाली करून मान बाहेर काढेन आणि तुझ्याकडे बघेन. विचारणार नाही, पण तुला ऐकू येईल. तू वाकू नकोस, तुझ्या छातीला झेपणार नाही. आणि वाकायची गरजही नाही. किती जागा आहे, ते तुझा दादा सांगून गेलाय.

तुझीच,
नलूवहिनी