थापलेला कागद

लायडन, रविवार

आई,

इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझ्या जावयाला, निहारला, रॉटरडॅमच्या ऑफिसात सध्या फार काम आहे, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि भिंतीच. म्हणून एका जपानी बाईंकडे शिकायला जाते. मी त्यांना हारुकोबाई म्हणते. भिंतींना आणि सरकत्या दारांना लावायचे नक्षीचे कागद त्या हाताने छापतात. लाकडी ठशाला अभ्रकाचा पातळ रंग लावायचा, त्यावर कागद ठेवायचा आणि वरून तळवा हलकेच फिरवायचा. बस, एवढंच.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? भाकरी थापावी तसा कागद थापला! नक्षीतली सगळी वेल बरबटली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि कागदावरून सावकाश फिरवला. त्या आठवड्यात कुणी माझा हात धरला तो तेवढाच.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांचा खोकला कमी झाला का? तू गुडघ्याला तेल लावतेस ना, की नुसतं हो म्हणतेस?

तो बिघडलेला कागद बाई टाकून देणार होत्या. मी मागून घेतला, सोबत पाठवतेय. खिडकीपाशी तिरका धर, म्हणजे अभ्रक चमकेल आणि वेलीच्या मधोमध माझा पंजा दिसेल.

भिंतीला लावू नकोस. त्यावर तुझा हात ठेव. लगेच उचलू नकोस.

तुझी,
योगिनी