प्रार्थनेचा विषय

पिंपळनेर,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय बादल,

प्रभूच्या नावानं सलाम. धुळ्याच्या जेलात बसून तू या सलामाला हसशील, हस. वकिलांकडे स्वेटर दिलाय, मिळाला का? आमचा दीपक रोज विचारतो, मामा कधी येणार. भात झोडून घरात आलंय.

तुझी चिठ्ठी पोचली. चुडामणशी कुणी बोलू नका, पोलिसांना माझी लपायची जागा त्यानंच दाखवली, असं तू लिहिलंस. तुझ्या संघटनेनं तसंच केलं. त्याचं भात झोडायला कुणी गेलं नाही. त्याची बायको रत्ना हातपंपावर आली की बाकीच्या हंडे उचलून निघतात. एकदा मीही निघाले.

बाबा रे, चुडामणनं नाही सांगितलं.

वनजमिनीच्या मोर्चानंतर पोलीस तुला शोधत होते. तू चुडामणच्या वरच्या शेतातल्या झोपडीत आहेस, हे तू मला एकटीला सांगितलंस. त्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थनेचे विषय विचारले. कुणी मुलीचं लग्न सांगितलं, कुणी नातवाचा ताप. मी उभी राहिले आणि देवाला सगळं नीट कळावं म्हणून झोपडीसकट सांगून टाकलं. चाळीसेक माणसं बसली होती. पुढे कुणी नेलं कुणास ठाऊक. मंगळवारी तुला उचललं.

पाळकांना म्हटलं, मला हे लोकांसमोर बोलायचंय. ते म्हणाले, "उषाबाई, देवाला तुमचं मन माहीत आहे. मंडळीचं नाव कशाला खराब करता?" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तू म्हणायचास, अक्का, येशू गरिबांच्या बाजूचा, मग तू मोर्चात का नाहीस? मी म्हणायची, मी घरी गुडघे टेकते तेवढं पुरे. आता त्याची लाज वाटते.

परवा चुडामण दारात आला. आपल्या मंडळीतला नाही तो, तरी म्हणाला, "आक्का, तुना देवले इचार, मी सांगेल शे का?" मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली रे. आणि मीच सांगितलं हे न बोलता त्याला परत पाठवलं. इतकी नीच मी कधी वागले नव्हते.

उद्या संघटनेची बैठक आहे. तिथे उभी राहून सांगणार आहे. पाळक मला चर्चमध्ये प्रभुभोजनाला बसू देणार नाहीत, तुझी माणसं दारात थुंकतील. थुंकू देत.

भेटीच्या दिवशी चुडामणला घेऊन येईन, माझ्यासोबत यायला तयार झाला तर. आधी त्याची माफी माग. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

तुला पकडून देणारी,
तुझी अक्का
उषा