सोनेरी कड

३ फेब्रुवारी
डॉक्टरीण आहे का ज्योतिषी? समीच्या पोटावरून सोनोग्राफीचं मशीन फिरवलं, पानथरी म्हणजे प्लीहा मोजली, रक्तातल्या प्लेटलेट बघितल्या आणि म्हणे, "हिच्या अन्ननळीतल्या शिरा फुगलेल्या असणार." आत न बघता!
माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची. यकृत खराब आहे, एवढंच कळलंय. म्हणे पानथरी वाढली, प्लेटलेट उतरल्या, की ओळखायचं — खराब यकृतापाशी रक्त तुंबून आतल्या शिरांवर दाब आलाय. शिरा फुटल्या तर रक्ताची उलटी. म्हणून भूल देऊन दुर्बीण घालायची, दिसल्या तर बांधून टाकायच्या.
मी विचारलं, "आणि नसल्याच तर?"
"तर बरंच की!"
बरंच की! हिच्या पोरीला द्यायचीय का भूल?
सोलापूरहून घरी तामलवाडीला येईपर्यंत समी एसटीत माझ्या खांद्यावर झोपली. बाप असून आबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

५ फेब्रुवारी
तुळजापूरला गेलो. सोडलेल्या कॉलेजच्या गेटवर उभा राहिलो, भैरवीसाठी. आली. जवळ पण आली नाही नीट.
"हात बघ कसे थरथरतायत. बोलताना जीभ अडखळतीय. परत पिऊन आलास?"
आयुष्यात थेंब शिवलो नाही! ओरडलो. जोरात. लोक जमले, वॉचमननं दंडाला धरून हाकललं. याच गेटवर हीच म्हणायची, "नंदीश, तुझ्या बुबुळाला सोनेरी कड आहे रे, उन्हात चमकते."
चुलीत जाऊ दे सगळं.

६ फेब्रुवारी
कप फुटला हातातून. आई म्हणते मुद्दाम फोडला. म्हणू दे.

९ फेब्रुवारी
बाकीचे रिपोर्ट आले. समीच्या अंगात तांबं साठतंय. तांबं!
आबा रोज सकाळी आम्हाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजतात — "लई गुणकारी." ते भांडं उचललं आणि अंगणात भिरकावलं. "तुम्हीच पाजलंत तिला!"
आबा जागचे हलले नाहीत. "तुलाबी तेच पाजलं की रं. तुला काय झालंय? घोड्यावानी हायस. नुसतं कालिज सोडून गावावर भुंकत फिरतुयास."
जेवलो नाही.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरीण म्हणते, भांड्याचा दोष नाही. यकृताला तांबं बाहेर टाकताच येत नाही, ते आईबाप दोघांकडून जन्मतःच आलेलं असतं. आबा माझ्याकडं बघत राहिले. मी खिडकीकडं.
दुर्बिणीला आबांनी होकार दिला! मी तिथंच भांडलो. नुसत्या अंदाजावर लेकराला भूल देता?
डॉक्टरीण म्हणाली, "अंदाज खोटा ठरला तर येऊन शिव्या दे मला."
देणारच!

१५ फेब्रुवारी
शिरा होत्या. जाड, वर लाल ठिपके. कधीही फुटल्या असत्या. रबराच्या बारक्या रिंगा घालून बांधल्या. जमवून ठेवलेल्या शिव्या गिळल्या. समी घसा धरून आइस्क्रीम मागतीय.
डॉक्टरीण मात्र माझ्या हातातल्या कागदाकडं बघत होती. कागद फडफडत होता.
"हे कधीपासून?"
म्हटलं, राग आला की होतं.
"कॉलेज का सोडलंस?"
तुम्हाला काय करायचंय! माझं अक्षर मलाच लागेना, पेपर कोरे गेले — हे हिला कशाला सांगू?
"सख्ख्या भावंडांची तपासणी करावीच लागते. उद्या डोळे दाखव."
रोग यकृताचा आणि बघणार डोळे! ज्योतिषीच आहे.

१६ फेब्रुवारी
आहे. दोन्ही डोळ्यांत, बुबुळाच्या कडेनं — तांबं. हात, जीभ, डोक्यातली ही आग, सगळं त्याचंच असेल म्हणाली. गोळ्यांनी बरंचसं उतरेल.
पिऊन नव्हतो आलो, भैरवी.