मुख्याध्यापिकेला देवी आल्या

चि. डॉक्टरबाई,

मावशीचे पोतंभर आशीर्वाद. (वयाने तू चिरंजीव आणि अधिकाराने डॉक्टर, म्हणून मायना दोन्हींना सांभाळून घातलाय.) तुझी पाठ कशी आहे? गुरांमागे वाकून वाकून तिची कमान झाली असेल. जावईबापूंचा खोकला थांबला का? माझं उत्तम आहे. गुडघे कुरकुरतात, पण घरात दुसरं कोणी बोलत नसलं की तेवढीच सोबत.

तर हकीकत कोंबड्यांची. तुला अर्धी फोनवर सांगितली, उरलेली राहिली. शाळांचे गणवेश शिवणं बंद केल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं, की मी कापड न घालताच मशीन चालवून बघायचे. म्हणून तीन कोंबड्या आणल्या. थोरलीला मी मुख्याध्यापिका म्हणते, कारण तिची चालच तशी आहे. (ज्या बाईंवरून नाव ठेवलं, त्यांना कळवू नकोस.) तिच्या तुऱ्यावर मसुरीएवढे फोड दिसले, तेव्हा मला वाटलं धाकटीने टोचलं. धाकटीला टोपलीखाली डांबलं. ती बिचारी निरपराध निघाली. फोडांच्या काळ्या खपल्या झाल्या, एक डोळा सुजून मिटला, आणि मुख्याध्यापिका दाणा सोडून फरशीच टोचू लागली. मग तुला फोन केला. तू म्हणालीस, हा कोंबड्यांचा देवीचा रोग, माणसाला होत नाही, नेमकं औषध नाही. आजारी कोंबडी वेगळी ठेव, बाकीच्या दोघींना लस टोचून घे, आणि डास आवर.

डासांचा माग काढत मी शेजारच्या परसात पोचले. तिथे ड्रायव्हरकाका राहतात. जन्मभर बस चालवली, बायको गेल्यापासून बोलणं जवळपास बंद. आमची ओळख म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून मान हलवण्यापुरती. त्यांच्याकडे जुन्या टायरांचा ढीग, टायरांत पाणी आणि पाण्यात अळ्यांची जत्रा. मी म्हटलं, तुमच्या टायरांनी माझी कोंबडी आजारी पाडली. ते म्हणाले, तुमच्या कोंबडीने माझी पाखरं आजारी पाडली. ते भिंतीवर दाणे ठेवतात, आणि तिथे येणाऱ्या एका होल्याच्या पायावर नि एका चिमणीच्या चोचीपाशी अगदी तसलेच फोड होते. आधी कोणाला झालं यावर आम्ही जिवाच्या आकांताने भांडलो. (खरं सांगते, कोणाशी तरी भांडायला मिळाल्याचा इतका आनंद झाला, की घरी येऊन दोन कप चहा टाकला. प्यायले अर्थात एकटीच.)

दुसऱ्या दिवशी टायर कोरडे करून छपराखाली ठेवलेले, भिंतीवरची दाण्याची थाळी उचललेली, आणि काका दारात उभे. म्हणाले, पेशंट दाखवा. बरं झालं आले, कारण हे काम एकटीचं नव्हेच. कोंबडी धरली तर कापूस कोणी धरायचा? मग रोज संध्याकाळी ते तिला टॉवेलात गुंडाळून धरायचे आणि मी डोळा पुसून खपल्यांभोवती आयोडीन लावायचे. धरायचे म्हणजे कसे, दोन्ही हातांनी, स्टिअरिंग धरल्यासारखे. ती फडफडली की स्वतःच डावीकडे कलायचे. माझ्याशी फारसं बोलत नसत. तिला मात्र म्हणायचे, "थांब हां, आलाच आपला स्टॉप." मी माझी मच्छरदाणी उसवून खुराड्याला झालरीसकट पडदा शिवला. (डास मग माझ्याकडे आले. त्यांनाही कुठेतरी जायला हवंच.)

एकदा असं औषधपाणी चालू असताना काकांच्या मुलाचा फोन आला. तो कधीपासून त्यांना आपल्याकडे कायमचं राहायला बोलावतोय. काकांनी कोंबडी काखेत घेतली आणि फोन कानाला लावून म्हणाले, "सध्या शेजारी आजारपण आहे रे. मला निघता येणार नाही."

आयोडीन माझ्या मांडीवर सांडलं. डाग अजून आहे. मी तो फारसा घासलाही नाही.

पुढे तुझ्या कृपेने खपल्या गळाल्या, डोळा उघडला, मुख्याध्यापिका पुन्हा बाकीच्यांना धाकात ठेवू लागली. लस टोचलेल्या दोघींना काही झालं नाही. भिंतीवर चिमणी परत दिसली; होला नाही दिसला. काकांनी मुख्याध्यापिकेचा डोळा उजेडात धरून पाहिला, छान झालं म्हणाले, टॉवेलाची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि गेले. त्यानंतर यायला काही कारणच उरलं नाही. आम्ही पुन्हा भिंतीवरून मान हलवतो.

असो. कोंबड्या ठणठणीत, मी ठणठणीत. काळजी नसावी.

तुझी
मावशी

ता.क. काकांचा मुलगा महिनाअखेरीस गाडी घेऊन येणार आहे म्हणे, त्यांना न्यायला. मुलगा गुणी आहे, नावं ठेवायला जागा नाही.

ता.क. आणखी एक. तू एवढी शिकलेली, म्हणून विचारते. कोंबडीला असा एखादा आजार होतो का, की जिवाला धोका नाही, तिला त्रास नाही, पण बरा व्हायला फार वेळ लागतो आणि औषध लावायला दोन माणसं लागतात? असल्यास महिनाअखेरीच्या आत कळव. नाव अवघड असलं तरी चालेल, मी पाठ करीन.