'इतर'मध्ये फक्त तीन वस्तू

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; इथे वाकलो तर साहेबांना वाटेल, टेबलाखाली लपतोय). तुमचा गुडघा कसा आहे? काकूंची धाप कमी झाली का? मी बरा आहे, म्हणजे कालपर्यंत होतो.

बसडेपोच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात संगणक मी सांभाळतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काही शोधायचं झालं की कुठल्या वाटेनं शोधायचं, हे संगणकातला प्लॅनर आधी ठरवतो. तो सगळ्या नोंदी वाचत नाही. अधूनमधून मूठभर चाळून टिपण करतो, की 'प्रकार'च्या रकान्यात छत्र्या साधारण किती, डबे किती, 'इतर' किती. मग त्या टिपणावर त्याचा आंधळा विश्वास (तुमचा जसा तुमच्या डॉक्टरांवर). टिपण चालू असताना खिडकीवरचं काम रेंगाळतं म्हणून साहेब ओरडले, आणि मी ते दोन दिवसांपुरतं बंद केलं. त्याला दोन वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात आणखी सात डेपोंच्या नोंदी आमच्यात येऊन पडल्या. काल सकाळी एक बाई आल्या. श्रवणयंत्र बसमध्ये राहिलेलं, आणि दुपारी एकला नोकरीची मुलाखत! मी 'इतर' आणि बसचा क्रमांक टाकून शोध सुरू केला. जुन्या टिपणात 'इतर' वस्तू तीन. तीनच तर आहेत, म्हणून प्लॅनरनं प्रत्येकीसाठी बसफेऱ्यांची नोंदवही पहिल्यापासून चाळायचं ठरवलं. प्रत्यक्षात त्या होत्या चाळीस हजार. वीस मिनिटं पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय, मागे साहेब उभे. बाई माझे ओठ वाचायला बघत होत्या, पण ओठच थरथरत होते. शेवटी त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली, 'तुम्ही रडताय का?'

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. टिपण नव्यानं घ्यायला लावलं, पुन्हा शोधलं, आणि पापणी लवायच्या आत उत्तर: मांडणी चौदा, खण दोन. मी खुर्चीतून उडीच मारली. तेव्हा काळजी नसावी.

तुमचा पुतण्या

ता. क. खण दोन रिकामा होता. माझं टिपण चाललेलं असताना गोदामवाल्या बाई आत जाऊन हातानंच यंत्र शोधून घेऊन आल्या, आणि मुलाखतीच्या बाई ते कानात घालून गेल्याही. माझी उडी फक्त साहेबांनी पाहिली.

आणखी एक. मला 'कारणे दाखवा' नोटीस आली आहे. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुम्हाला नोकरीत अशा अकरा आल्या आणि तरी तुम्ही पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झालात, म्हणून हे पत्र. 'दोन दिवसांपुरतं' हे कसं लिहायचं तेवढं कळवा. बाबांना मात्र बोलू नका, मी त्यांना बढती झाल्याचं सांगितलंय.