सहा पालथे उंदीर

प्रिय चिमणे,

पत्र बघून आधी दचकशील, मग अक्षर ओळखून हसशील. हो, तुझा उंदीरकाकाच. प्रयोगशाळेत तीस वर्षं उंदीर सांभाळले, त्याचं हे नाव तेवढं पदरात पडलं. तू शाळेत विज्ञान शिकवतेस आणि पोरं तुझ्यावर जीव टाकतात, असं तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं, आणि जिवाला लागलंही.

बातमी अशी की आपल्याकडे नवा स्कॅनर आलाय. औषध माणसांना देण्याआधी उंदराच्या पोटात ते काय करतं, हे आता इतकं स्वच्छ दिसतं की तू नाचलीच असतीस. त्यावर काम करायला आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना डॉक्टरेट झालेली संशोधक हवी आहे, तीन वर्षांसाठी. जाहिरात सोबत जोडली आहे. ती वाचताना मला ओळीओळीत तूच दिसलीस. डॉक्टरेट तुझ्याकडे आहेच, आणि उंदराला भूल देताना त्याची समजूत काढत बसणारी दुसरी कुणी मी पाहिलेली नाही.

झालं ते मी विसरलो, असं समजू नकोस. उजव्या मूत्रपिंडाची सूज औषधानं उतरते, असा तुझा शोधनिबंध छापायला गेला होता. मग एके दुपारी तुला सहा उंदरांच्या स्कॅनच्या चित्रांत जठर भलत्याच बाजूला दिसलं. म्हणजे डावं-उजवं उलटं झालेलं, आणि तू मोजलं होतंस ते निरोगी मूत्रपिंड. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तू मात्र स्वतः बाईंकडे गेलीस, निबंध मागे घेतलास, आणि चित्रांची डावी-उजवी बाजू लावताना आपणच घोळ घातला असं ठरवून महिन्याभरात नोकरी सोडलीस. उंदीर उताणा की पालथा, यावरूनच चित्रात डावं-उजवं ठरतं, आणि माझ्या वहीत सहाही उंदरांपुढे 'उताणा' लिहिलेलं होतं, मग तुला दुसरं काय वाटणार?

ते उताणे नव्हते, चिमणे. त्या दिवशी भुलीचा मुखवटा नीट बसेना, म्हणून मी त्यांना पालथे झोपवले आणि वहीत सवयीनं 'उताणा' लिहीत गेलो. तू निबंध मागे घेतलास त्याच दिवशी मला ते आठवलं होतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली, घाबरलो, तोंड उघडलं नाही. त्याची लाज रोज वाटली. आज सकाळी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तिला आजच कळवा. मुलाखत सगळ्यांसारखीच होईल, पण तिचा अर्ज आला पाहिजे." वहीतल्या त्या पानावर आजची तारीख घालून, खाली सही करून मी खरं काय ते लिहिलं आहे. मला शिव्या घालायला तुझ्यापाशी सगळं आयुष्य पडलंय. अर्जाची मुदत मात्र शुक्रवारपर्यंतच आहे.

तुझाच,
उंदीरकाका