निळ्या जर्सीतला आमचा लीनो

इंगहॅम, उत्तर क्वीन्सलँड
२ जुलै

तीर्थस्वरूप मॉरीनताई यांस,

आल्डोचा साष्टांग नमस्कार (हल्ली वाकलो की कमरेत उसण भरते, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घ्यावा). इकडे सर्व क्षेम. तुमची धाकटी बहीण ग्लेनिस ठणठणीत असून माझ्याशी मोजकंच बोलते. ऊस झकास आला आहे, गाळप सुरू आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तेवीस वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही वडिलांच्या सत्तरीला ग्लेनिसला लिस्मोरला बोलावलंत, तिचा आठवा महिना सरत आलेला, केक कापता कापता तिला कळा सुरू झाल्या आणि माझा मुलगा न्यू साउथ वेल्समध्ये जन्माला आला! राज्याची हद्द तुमच्या दारापासून दीड तासावर, ताई! एखाद्याने गाडी काढली असती तर काय बिघडलं असतं? वर तुम्ही बाळाला स्वतःच्या हाताने लोकरीची जर्सी विणलीत, तीही निळी, तुमच्या राज्याच्या रंगाची. आमच्या घरात क्वीन्सलँडच्या मरून रंगाशिवाय पायपुसणंसुद्धा येत नाही. त्या जर्सीने मी ट्रॅक्टरचं तेल पुसलं, हे तेव्हाच फोनवर कळवलं होतं. तरी पुन्हा कळवतो.

असो. लीनो सहा वर्षांचा असताना रग्बी लीगच्या मैदानावर उतरला, तेव्हा त्याची चड्डी पोटऱ्यांपर्यंत यायची. बाकीची पोरं चेंडू मिळाला की धूम ठोकायची, हा चेंडू काखेत मारून उभा राहायचा आणि दुप्पट आकाराच्या पोरांना हुकूम सोडायचा, "ए जाड्या, तिकडे पळ! तू कशाला इकडे?" तेव्हाच सगळे म्हणाले, हा हाफबॅक होणार. हाफबॅक म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको (कितीही झालं तरी तुम्हीही याच खेळावर वाढलात): पाठीवर सात नंबर, अंगाने सगळ्यांत लहान, आणि बारा धटिंगणांना कामाला लावणारा. हा गुण आईचा. लाथ मात्र माझी! उसाच्या दोन ओळींच्या मधून चेंडू जमिनीलगत सरपटत न्यायचा, पानालाही लागता कामा नये, हे मी त्याला शिकवलं. लागला तर आत शिरून स्वतः शोधायचा, आणि आत साप. सापांमुळे नेम फार लवकर सुधारतो. नवव्या वर्षी तो शंभर पावलं सरळ रेषेत चेंडू मारायचा. अठराव्या वर्षी व्यावसायिक क्लबने उचलला. दोनदा नाक मोडलं, तीन बरगड्या गेल्या, आणि गेल्या वर्षी साऱ्या देशातला उत्तम हाफबॅक ठरला. कात्रणांचे बिस्किटांचे सात डबे भरलेत माझ्याकडे (ग्लेनिसला वाटतं, त्यांत खिळे आहेत).

आता रडकथा. दरवर्षी आपल्या दोन राज्यांत जे तीन सामने होतात, त्यांसाठी आमच्या राज्याचा संघ निवडणाऱ्यांनी तीन वर्षं त्याला "लहानखुरा आहे" म्हणून डावललं. तिन्ही वेळा मी रेडिओ खिडकीतून फेकला. मग तुमच्याकडून बोलावणं आलं, कारण जिथे जन्म झाला त्या राज्याकडून खेळता येतं. पोराने पहिला फोन मला केला. "बाबा, सात नंबर देतायत. काय करू?" आणि मी गाढवासारखा म्हणालो, "निळं घालून माझ्या दारात यायचं नाही." तो म्हणाला, "बरं, बाबा." त्याला सात आठवडे झाले. त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. ग्लेनिस कपडे धुवायच्या खोलीत दार लावून त्याच्याशी बोलते. मी बाहेर उभा राहून ऐकतो, पण मशीनच्या आवाजात काही कळत नाही.

सिडनीचा पहिला सामना मी क्लबच्या हॉलमध्ये पाहिला. दोनशे माणसं, सगळी मरून जर्सीत. मी टोपीपासून मोज्यांपर्यंत मरून. शेवटची दोन मिनिटं, बरोबरी, चेंडू लीनोकडे. त्याने डावा खांदा जरासा खाली घेतला, तस्सा, नवव्या वर्षी घ्यायचा तसा! मला आधीच कळलं. मी ओरडलो, "उसातून मार रे!" आणि ताई, आमच्या दोन राक्षसांच्या मधून चेंडू सरपटत गेला, कुणाच्या बुटालाही लागला नाही, आणि रेषेपलीकडे त्यांच्या गड्याने त्यावर झेप घेऊन सामना जिंकला. हॉलमध्ये स्मशानशांतता. आणि मी एकटा खुर्चीवर चढून नाचतोय, "माझा पोरगा! माझा पोरगा आहे तो!" ट्रेव खाटीक म्हणाला, "आल्डो, खाली बस, नाहीतर तुझाच खिमा करतो." मी बसलो नाही. खरं सांगतो, लग्नात वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या खुर्चीवर वाटला (हे वाक्य ग्लेनिसला दाखवू नये).

दुसऱ्या दिवशी ट्रेवकडे सॉसेज मागितले, तर त्याने कुत्र्यासाठी म्हणून हाडं बांधून दिली. आमच्याकडे कुत्रा नाही. पाद्रीबाबांनी वाट चुकलेल्यांसाठी प्रार्थना केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. नशिबाने दुसरा सामना आम्ही जिंकलो, तेव्हापासून सॉसेज मिळतात, पण बारीक. निर्णायक सामना पुढल्या आठवड्यातल्या बुधवारी ब्रिस्बेनला आहे. काल लीनोकडून पहिल्या रांगेची दोन तिकिटं आली, सोबत चिठ्ठी: "बाबा, काहीही घालून या, पण या." मी ती गोठ्याच्या मागे जाऊन चार वेळा वाचली. तीस वर्षांत पहिल्यांदा गाळपाच्या दिवसांत ऊस शेजाऱ्यावर सोपवून निघतोय. मात्र एक स्पष्ट सांगतो: मी मरून जन्मलो, मरूनच मरणार, आणि मरून घालूनच जाणार.

आपला मेहुणा,
आल्डो बेर्ताक्को

ता. क. एक निळी जर्सी पाठवावी. मोठं माप, पाठीवर सात नंबर. इथल्या दुकानांत मिळत नाही, आणि मिळाली असती तरी मागायची कुणाची छाती आहे? पार्सलवर "मार्मलेड" लिहा. टपालवाली जॉयस प्रत्येक पार्सल हलवून पाहते, तेव्हा एक बरणी खरोखरच घाला.

दुसरा ता. क. वर लिहिलेलं खोटं नाही. मरून घालूनच जाणार, निळी आतून. तो मैदानात आला की वरची काढीन.

तिसरा ता. क. निळ्यातही दहा निळे असतात, म्हणून रंगाचा नमुना सोबत आहे. हो, तुम्ही विणलेलीच. तिने ट्रॅक्टर कधीच पुसला नव्हता. तेवीस वर्षं ती ट्रॅक्टरच्या सीटखाली आठव्या डब्यात आहे. बाहीवरचा तेलाचा डाग माझ्या बोटांचा, अधूनमधून काढून बघायचो. काम झालं की परत पाठवा.